जुलाबाच्या विषाणूंचे सिक्वेन्सिंग शिकवायचे, तर नमुन्याच्या डबीपासून शिकवा

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, जळगाव, धुळे व नंदुरबार
मा. कुलगुरू, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार

विषय : जुलाब घडवणाऱ्या विषाणूंवर देखरेख ठेवण्यासाठी जिनोम सिक्वेन्सिंगचे प्रशिक्षण

महोदय / महोदया,

रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, अॅस्ट्रोव्हायरस, सॅपोव्हायरस आणि अॅडेनोव्हायरस ४०/४१ या विषाणूंचे जिनोम, म्हणजे त्यांची पूर्ण जनुकीय माहिती, वाचू शकणारी (सिक्वेन्सिंग करू शकणारी) माणसे खान्देशातच तयार व्हावीत, अशी आमची मागणी आहे. त्याचबरोबर एक विनंती आहे. बाहेरून आणलेला स्वच्छ आरएनए, आधीच बनवून ठेवलेली लायब्ररी (मशीनमध्ये घालायला तयार केलेले जनुकीय तुकडे) आणि पाचव्या दिवशी प्रमाणपत्र, अशा पद्धतीची कार्यशाळा इथे घेऊ नका. तिच्यातून मशीन कसे चालते ते कळते, पण मोलगीहून आलेल्या, अर्धा डायपरने शोषलेल्या, दोन दिवस जुन्या नमुन्याचे काय करायचे ते कळत नाही. आणि खान्देशात येणारे नमुने बहुतेक तसेच असणार आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे खोटी अपेक्षा राहणार नाही. खाटेवरच्या बाळाचा उपचार सिक्वेन्सिंगमुळे बदलत नाही. विषाणू कोणताही असो, ओआरएस, १४ दिवस झिंक, अंगावरचे दूध चालू ठेवणे आणि गरज पडली तर सलाईन, हेच करायचे असते. सिक्वेन्सिंगचा उपयोग त्या बाळानंतर येणाऱ्या बाळांना होतो. लस आजच्या विषाणूंवर चालते आहे का, आश्रमशाळेतली साथ एकाच जागेवरून पसरली का, बाहेरून नवा प्रकार आला का, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात.

रोटाव्हायरसच्या जिनोमचे ११ तुकडे असतात, सगळे मिळून सुमारे १८,५०० बेसपेअर. एकाच मुलाच्या आतड्यात दोन प्रकारचे रोटाव्हायरस एकाच वेळी शिरले की हे तुकडे आपसांत बदलले जातात. नेहमीच्या पीसीआर टायपिंगमध्ये (ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून प्रकार ओळखणे) आपण फक्त दोन तुकडे पाहतो, व्हीपी७ म्हणजे ‘जी’ आणि व्हीपी४ म्हणजे ‘पी’. उरलेल्या नऊ तुकड्यांत काय घडले ते दिसतच नाही. २०१३ पासून आशियात आणि पुढे जगभर पसरलेला, घोड्याच्या रोटाव्हायरसशी साम्य असलेला जी३पी[८] याचे चांगले उदाहरण आहे. साध्या टायपिंगमध्ये तो जुन्या जी३पी[८] सारखाच दिसतो. पूर्ण जिनोम वाचला तेव्हा कळले की त्याचे व्हीपी७ वेगळ्या वंशाचे आहे आणि आतले तुकडे डीएस-१ या वेगळ्या रोटाव्हायरस गटाचे आहेत.

लसीचा प्रश्न याहून जवळचा. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात रोटाची लस २०१६ मध्ये काही राज्यांत आली आणि २०१९ पासून देशभर पोहोचली. ६, १० आणि १४ आठवडे या वयांत ती तोंडावाटे दिली जाते. रोटाव्हॅक ही हैदराबादच्या भारत बायोटेकची, जी९पी[११] प्रकारची. रोटासील ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. तिच्यात गाईच्या रोटाव्हायरसच्या अंगावर माणसाच्या जी१, जी२, जी३, जी४ आणि जी९ प्रकारांचे व्हीपी७ बसवलेले आहे. दोन्ही जिवंत लसी आहेत, त्यामुळे डोसानंतर काही दिवस लसीचाच विषाणू बाळाच्या शौचात येऊ शकतो. सात आठवड्यांच्या बाळाला जुलाब झाले, नमुना रोटासाठी पॉझिटिव्ह आला, व्हीपी७ वरून ‘जी१’ निघाला, आणि अहवालात ‘लस घेऊनही रोटा’ अशी नोंद झाली, की ती चूक पुढे आकडेवारीत कायमची राहते. व्हीपी४ वाचले असते तर गाईच्या विषाणूचा पी[५] दिसला असता आणि हा लसीचाच विषाणू आहे हे समजले असते. म्हणून नमुन्यासोबतच्या फॉर्मवर शेवटच्या डोसाची तारीख आणि लसीचे नाव असलेच पाहिजे, तेही आईच्या आठवणीवरून न लिहिता माता-बाल संरक्षण कार्डावरून उतरवलेले. प्रशिक्षणाचा पहिला धडा आमच्या मते हा फॉर्म आहे. त्यात आशाताई आणि एएनएम यांनाही बसवा.

आता डबीबद्दल. स्क्रू झाकणाची, कोरडी, स्वच्छ डबी, आत फॉर्मॅलिन किंवा कोणतेही रसायन नको. पातळ शौच असेल तर ५ मिलिलिटर, घट्टसर असेल तर वाटाण्याएवढा गोळा पुरतो. बाळ दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत नमुना घ्यावा, कारण त्यानंतर पॉझिटिव्ह आला तर तो वॉर्डातच लागलेला संसर्ग असू शकतो. डायपरमधून नमुना घ्यायचा असेल तर आतली जेलची बाजू चालणार नाही; ती पाणी आणि विषाणू दोन्ही धरून ठेवते. डायपर उलटा घाला, म्हणजे प्लॅस्टिकची बाजू आत येते, किंवा आत स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा. मग चमच्याने किंवा ड्रॉपरने डबीत घ्या. २ ते ८ अंशांत ठेवा, लांब मुदतीसाठी उणे ७० ते ८० अंशांत. वारंवार गोठवणे-वितळवणे टाळायचे, म्हणून आल्याबरोबर दोन-तीन छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. आणि लसींच्या फ्रीजमध्ये (आयएलआर) शौचाचा नमुना कधीही ठेवू नका. नमुन्यांसाठी वेगळा, रंगाने ओळखू येईल असा व्हॅक्सिन कॅरिअर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. या एका गोष्टीवाचून सगळे अडते, आणि ती सगळ्यात स्वस्त आहे.

रोटा आणि नोरो हे कणखर विषाणू आहेत. प्रथिनांच्या कवचात असेपर्यंत त्यांचा आरएनए बऱ्यापैकी टिकतो. तो एकदा बाहेर काढला की मात्र मिनिटामिनिटाची काळजी घ्यावी लागते. हा फरक शिकणाऱ्याच्या डोक्यात पक्का बसला की तो वाहतुकीत घाबरत नाही आणि टेबलावर गाफील राहत नाही.

टेबलावरच्या पायऱ्यांत जिथे हमखास चूक होते तेवढेच लिहितो. शौचाचे फॉस्फेट बफरमध्ये सुमारे १० टक्के द्रावण करायचे, म्हणजे १ मिलिलिटरला ०.१ ग्रॅम, नीट व्होर्टेक्स करून सेंट्रिफ्यूज करायचे आणि वरचे पाणी घ्यायचे. जास्त शौच घातले म्हणजे जास्त विषाणू मिळेल हा गैरसमज आहे. पित्तक्षार आणि गुंतागुंतीच्या शर्करा पुढे पीसीआर अडवतात. ते ओळखायची सोपी खूण आहे. आरएनए दहापट पातळ करून तीच चाचणी लावा. सीटी (किती फेऱ्यांनंतर पीसीआरमध्ये विषाणू दिसतो तो आकडा; कमी सीटी म्हणजे जास्त विषाणू) साधारण ३.३ ने वाढला तर ठीक. वाढलाच नाही किंवा उलट घटला तर नमुन्यात अडथळा आहे. मग पातळ केलेल्या आरएनएवरच पुढचे काम करा, किंवा पुन्हा काढा.

अनेक एक्स्ट्रॅक्शन किटमध्ये (आरएनए बाहेर काढण्याच्या किटमध्ये) कॅरिअर आरएनए असतो, म्हणजे विषाणूचा थोडासा आरएनए हातचा जाऊ नये म्हणून मुद्दाम घातलेला बाहेरचा आरएनए. पीसीआरसाठी तो उपकारक आहे, पण प्रायमर (ठरावीक तुकडा पकडणारा छोटा धागा) न वापरता सगळेच वाचायचे असेल तर निम्मा वेळ मशीन तोच वाचत बसते. अशा वेळी तो घालायचा नाही. त्याच किटच्या लायसिस बफरमध्ये ग्वानिडीन थायोसायनेट असते. ते सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिसळले तर विषारी वायू निघतो. कोविडपासून ‘सगळ्या कचऱ्यावर हायपो ओता’ ही सवय लागलेली आहे, म्हणून हे पहिल्याच दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावे. टेबल पुसायला मात्र हायपोच लागेल, कारण अल्कोहोलच्या सॅनिटायझरला नोरोव्हायरस दाद देत नाही. ०.५ टक्क्याचे द्रावण रोज ताजे करा. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बाटलीतला क्लोरीन फार लवकर उडतो.

रोटाचा आरएनए दुपदरी असतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनच्या (आरएनएवरून डीएनए बनवण्याच्या) आधी तो ९५ ते ९७ अंशांवर ५ मिनिटे तापवून लगेच बर्फात घालावा लागतो. ट्यूब टेबलावर राहिली तर दोन्ही पदर पुन्हा जुळतात आणि काहीच मिळत नाही. दुसरी चूक ऑलिगो-डीटी प्रायमरची. तो फक्त पॉली-ए शेपटीला (‘ए’ अक्षरांच्या लांब ओळीला) चिकटतो; नोरो आणि अॅस्ट्रोच्या आरएनएला ती असते, रोटाला नसते. ऑलिगो-डीटीवर चालणारे किट रोटासाठी घेतले तर पैसे वाया. तिसरी अॅडेनोव्हायरसची. तो डीएनए विषाणू आहे, सुमारे ३४,००० बेसपेअरचा. एक्स्ट्रॅक्शननंतर डीएनेज (डीएनए तोडणारे एन्झाइम) घातले की तो नाहीसा होतो. एक्स्ट्रॅक्शनच्या आधी घातले तर कवच त्याला वाचवते आणि बाळाचा मोकळा डीएनए तेवढा जातो. असे ‘का’ सांगितल्याशिवाय प्रोटोकॉल पाठ करून घेण्यात अर्थ नाही. किट बदलले की पाठांतर निकामी होते.

सिक्वेन्सिंगला कोणते नमुने घ्यायचे हाही निर्णय आहे. सीटी २५ ते २८ च्या आत असेल तर पूर्ण जिनोमची आशा धरावी. ३० च्या पुढे तुकड्यांवर टायपिंग झाले तरी पुष्कळ. ११ तुकडे एकत्र वाढवले तर छोटे तुकडे सगळी जागा खातात: एनएसपी४ आणि एनएसपी५ प्रत्येक जागी हजारो वेळा वाचले जातात आणि ३,३०० बेसपेअरच्या व्हीपी१ मध्ये भोके पडतात. मोठ्या तुकड्यांचे मिश्रण वेगळे लावावे आणि शेवटी मोजून एकत्र करावे. डीएनएची मोजणी क्युबिट यंत्रावर करावी. नॅनोड्रॉप हे दुसरे यंत्र अशुद्धीलाही डीएनए समजून आकडा फुगवतो.

सिक्वेन्सिंगचे मशीन इल्युमिना पद्धतीचे असो की नॅनोपोर, आमचा आग्रह नाही. नमुने कमी आणि विखुरलेले असतील तर मिनआयॉनसारखे छोटे नॅनोपोर यंत्र खान्देशाला जास्त सोयीचे, एवढेच म्हणू. त्याचा फ्लोसेल (सूक्ष्म छिद्रांचा, डीएनए वाचणारा भाग) २ ते ८ अंशांत ठेवायचा, आल्याबरोबर तपासायचा आणि ८०० पेक्षा कमी छिद्रे चालू दिसली तर मुदतीत पुरवठादाराला कळवायचे. भरताना हवेचा एक बुडबुडा आत गेला की छिद्रे मरतात. हे हाताचे कौशल्य आहे, ते व्हिडिओ पाहून येत नाही. वापरून संपलेल्या फ्लोसेलमध्ये नुसते पाणी भरून प्रत्येकाला सराव द्या. खोलीला एसी आणि यूपीएस दोन्ही लागतील. मध्येच वीज गेली तर रन पुन्हा सुरू करता येतो, पण फ्रीजरमधली एन्झाइम गेली तर गेली.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ज्या धड्याला देऊ तो दूषिततेचा आहे. पीसीआर झालेल्या एका ट्यूबमध्ये विषाणूच्या कोट्यवधी प्रती असतात. ती ट्यूब ज्या खोलीत उघडली तिथे पुढच्या आठवड्यातला प्रत्येक नमुना पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून पीसीआरच्या आधीची आणि नंतरची खोली वेगळी, पिपेट वेगळे, अॅप्रन वेगळे, आणि माणसाची वाट एकाच दिशेची. दुपारी नंतरच्या खोलीत गेलेल्याने त्या दिवशी आधीच्या खोलीत परतायचे नाही. प्रत्येक बॅचमध्ये एक्स्ट्रॅक्शनपासून सोबत आणलेला पाण्याचा निगेटिव्ह कंट्रोल असावा आणि तोही सिक्वेन्स करावा. त्यात विषाणूचे रीड्स (मशीनने वाचलेले तुकडे) निघाले तर बॅच बाद. असा निर्णय घेण्याची हिंमत प्रशिक्षणार्थीला तेव्हाच येते, जेव्हा त्याचा वरिष्ठ ‘अहवाल का थांबला’ असे न विचारता ‘कंट्रोल काय म्हणतो’ असे विचारतो. महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांनीही म्हणूनच यातला एक दिवस बसावे.

संगणकाचा भाग शेवटच्या दुपारी उरकू नका. शिकणारे जास्तीत जास्त तिथेच अडतात. लिनक्सची कमांड लाइन, फाइल कुठे आहे, किती मोठी आहे, तिचा बॅकअप कुठे आहे, इथून सुरुवात करा. मानवी रीड्स आधी काढून टाका. तो बाळाचा खासगी डेटा आहे. नॅनोपोरवर ज्या जागी २० पेक्षा कमी रीड्स आहेत तिथे ‘एन’ (अक्षर माहीत नाही) लिहायचा, अंदाजाने अक्षर भरायचे नाही. मिश्र संसर्गाकडे आपल्याकडे विशेष लक्ष हवे. भारतात एका नमुन्यात दोन प्रकारचे रोटा सापडणे नवे नाही, आणि संगणक दोघांचे मिळून एकच सरासरी जिनोम बनवून देतो. शिकाऊ माणूस त्याला नवा रिअसॉर्टंट (तुकड्यांच्या अदलाबदलीतून झालेला विषाणू) समजून आनंदतो. जिथे एकाच जागी दोन अक्षरे ७०-३० किंवा ६०-४० अशी वाटलेली पुन्हा पुन्हा दिसतात, तिथे थांबायचे आणि नमुना मिश्र म्हणून नोंदवायचा. ११ तुकड्यांचे वंशवृक्ष वेगवेगळे काढायचे, जोडून एकच वृक्ष करायचा नाही. तुकड्यांच्या अदलाबदलीची खूणच त्यात पुसली जाते. नोरोला २०१९ पासून रूढ झालेले दुहेरी नाव द्यायचे, जसे जीआयआय.४ सिडनी[पी१६], कारण जिनोमच्या ओआरएफ१ आणि ओआरएफ२ या भागांच्या सांध्यावर वेगवेगळे नोरोव्हायरस वारंवार आपसांत जोडकाम करतात.

आश्रमशाळेच्या साथीबद्दल एक सावधगिरी. सगळ्या मुलांमध्ये तंतोतंत एकच नोरोव्हायरस सापडला म्हणजे स्वयंपाकघर दोषी, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. त्या आठवड्यात तोच विषाणू पूर्ण तालुक्यात फिरत असेल तर? उलट एकाच साथीत तीन-चार वेगवेगळे प्रकार निघाले तर पाण्यात सांडपाणी मिसळल्याची शंका बळावते, आणि विहीर, टाकी, पाइपलाइन आधी तपासावी. हे दोन्ही निष्कर्ष काढायला साथ नसतानाच्या महिन्यांतले, आजूबाजूच्या गावांचे सिक्वेन्स हाताशी हवेत. म्हणून साथीची वाट पाहू नका. शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, चाळीसगाव अशा ठिकाणी वर्षभर, दर आठवड्याला जुलाबाचे पहिले पाच रुग्ण, मग ते सौम्य असोत की गंभीर, एवढा साधा नियम ठेवा. निवडून घेतलेल्या नमुन्यांवरून प्रमाण सांगता येत नाही.

एक बाब तुमच्या मंजुरीची आहे. रोटाच्या लसीच्या दिवशीच बाळाला पोलिओचे थेंबही मिळतात. म्हणजे या शौचांत लसीचा पोलिओव्हायरस असू शकतो आणि सिक्वेन्सिंगमध्ये तो दिसेल. असे नमुने साठवण्याचे डब्ल्यूएचओचे वेगळे नियम आहेत. ते प्रशिक्षणात शिकवा, आणि पोलिओचे रीड्स दिसले तर त्याच दिवशी जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांना कळवायचे, वर्तमानपत्राला नाही, हे लेखी ठरवून द्या.

वेळापत्रकाचे म्हणाल तर पावसाळ्यात प्रशिक्षण ठेवू नका. जून ते सप्टेंबर आपल्या प्रयोगशाळा कॉलरा, दूषित पाणी, डेंग्यू यांत बुडालेल्या असतात. रोटाचा जोर थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत असतो. ऑक्टोबरमध्ये नमुना आणि एक्स्ट्रॅक्शन, नोव्हेंबरमध्ये लायब्ररी आणि संगणक, आणि डिसेंबरपासून स्वतःच्या जिल्ह्याचे नमुने, असा क्रम लागला तर शिकलेले लगेच हातात येते. त्यानंतर सहा महिने दर महिन्याला पाच सांकेतिक (उत्तर झाकलेले) नमुने पाठवून त्यांची उत्तरे तपासा: त्यात एक निगेटिव्ह, एक मिश्र आणि एक लसीच्या विषाणूचा असू द्या. प्रमाणपत्र त्यानंतर द्या. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांच्याकडे या विषाणूंचा दीर्घ अनुभव आहे. तिथले जाणते लोक इथे येऊन, इथल्या फ्रीजरवर आणि इथल्या विजेवर शिकवतील तर उत्तम. आपली माणसे तिकडे लांब पाठवली, तर ती तिथल्या व्यवस्थेत काम शिकतील आणि परतल्यावर इथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

माणसे कोण निवडता यावर सगळे अवलंबून आहे. प्रत्येक जिल्ह्यातून तिघे घ्या: एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, एक तंत्रज्ञ, एक संगणकाचे काम आवडणारा. विद्यापीठाच्या जीवशास्त्र प्रशाळेतले एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी या तिसऱ्या जागेसाठी योग्य आहेत. पण ११ महिन्यांच्या करारावरचा तंत्रज्ञ निवडायचा असेल, तर किमान तीन वर्षांची नेमणूक आधी करा. नाहीतर फ्लोसेल भरायला शिकलेला हात पुढच्या वर्षी एखाद्या खासगी लॅबमध्ये असेल आणि दोष त्याचा नसेल.

खरेदीही आताच मार्गी लावा. फ्लोसेल आणि एन्झाइम यांची मुदत महिन्यांत मोजायची असते. एकदम वर्षाचा साठा मागवून तो संपेपर्यंत कालबाह्य होण्यापेक्षा, वर्षाचा दर ठरवून दर तीन महिन्यांना पुरवठा घेण्याची अट निविदेत टाका.

आमच्या मागण्या या आहेत. तिन्ही अधिष्ठात्यांनी आणि विद्यापीठाने मिळून एक समन्वयक नेमावा. नमुन्याचा एकच फॉर्म तिन्ही जिल्ह्यांत लागू करावा. पीसीआरच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन स्वतंत्र खोल्या किमान एका महाविद्यालयात राखून ठेवाव्यात. तयार झालेले सिक्वेन्स जेनबँक या जागतिक सिक्वेन्स-भांडारात आणि फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा करावेत. सोबत महिना आणि तालुका द्यावा, पाड्याचे नाव देऊ नये, कारण पाचपंचवीस घरांच्या पाड्यात तेवढ्यावरून बाळ ओळखू येते. आणि दर तिमाहीला दोन पानांचा मराठी अहवाल प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला जावा, ज्यांनी डबी भरून पाठवली त्यांच्या हातात.

प्रशिक्षणार्थींची नऊ नावे ऑगस्टअखेर ठरली, तर ऑक्टोबरची पहिली तुकडी सुरू होऊ शकते. फॉर्मचा मसुदा, खोल्यांचा आराखडा आणि सरावाच्या नमुन्यांची यादी करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
जुलाबाच्या विषाणूंच्या तपासणीत काम करणारे खान्देशातील प्रयोगशाळाकर्मी